रेडियम गर्ल्सच्या विषबाधेचा तपास कसा झाला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रकरण नेमकं काय आहे, थोडक्यात सांगाल का?

पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला अमेरिकेत घड्याळाचे आणि विमानातल्या मीटरचे आकडे अंधारात दिसावेत म्हणून त्यांच्यावर रेडियम या किरणोत्सारी धातूचा रंग लावायचे, आणि हे काम जवळजवळ सगळं तरुण मुली करायच्या (त्याच या रेडियम गर्ल्स), काही तर चौदा-पंधरा वर्षांच्या. न्यू जर्सीतलं ऑरेंज, कनेक्टिकटमधलं वॉटरबरी आणि इलिनॉयमधलं ओटावा ही यातली मुख्य गावं. ब्रशचं टोक बारीक राहायला हवं म्हणून ते ओठांत धरून ओढायचं, मग रंगात बुडवायचं, मग आकडा काढायचा, आणि पुन्हा ओठांत, असं दिवसभर चालायचं. दर वेळी थोडा रंग पोटात जायचा. काही वर्षांनी त्यांचे दात पडायला लागले, जबडे सडले, चालताना हाडं मोडली, आणि कंपन्या म्हणाल्या आमचा काही संबंध नाही.

माझं मत आधीच सांगते म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको. कारण शोधायला फार वेळ लागला असं आपण समजतो, पण कारण जानेवारी १९२३ मध्येच एका माणसाने कागदावर लिहून दिलं होतं. ते त्या मुलींपर्यंत पोचलं नाही, आणि पुढचा सगळा त्रास त्यातून झाला.

त्या रंगात असायचं काय?

झिंक सल्फाइडची पावडर आणि त्यात अगदी कणभर रेडियम. रेडियममधून जे अल्फा कण निघतात ते झिंक सल्फाइडवर आदळले की ते चमकतं, म्हणून उन्हात ठेवायची गरज नाही, आपोआप रात्रंदिवस उजेड. मुली आपापल्या वाटीत ही पावडर पाणी आणि डिंक घालून कालवायच्या. ऑरेंजच्या कंपनीचं नाव युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशन आणि रंगाचं नाव अनडार्क. हा रंग तयार करणारा माणूस म्हणजे डॉक्टर साबिन फॉन सोचॉकी, कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, आणि तो स्वतः १९२८ च्या नोव्हेंबरमध्ये रक्त तयार होणं बंद पडून गेला, म्हणजे त्याच रेडियमने.

मुलींना धोका माहीत नव्हता का? त्या तोंडात कशा घालत होत्या?

हा प्रश्न खूप जण विचारतात आणि त्यात थोडा दोष मुलींवर टाकल्यासारखा सूर असतो, तो मला पटत नाही. त्यांनी विचारलं होतं. हे वाईट तर नाही ना असं विचारल्यावर नाही, उलट चांगलंच आहे, असं उत्तर मिळायचं. त्या काळात रेडियम म्हणजे औषध अशी हवा होती, रेडियमचं पाणी बाटलीत भरून टॉनिक म्हणून विकायचे. शिवाय पगार इतर फॅक्टऱ्यांपेक्षा बरा, दर डायलमागे पैसे, त्यामुळे हात जितका भरभर तितकी कमाई, आणि ब्रश पाण्यात धुवायचा तर महागडा माल वाया जातो. मुली गंमत म्हणून नखांना, दातांनाही लावायच्या, संध्याकाळी घरी जाताना केस आणि कपडे चमकायचे.

आणि हे लक्षात घ्या की त्याच कंपनीत लॅबमधल्या माणसांकडे शिशाचे आडपडदे आणि चिमटे होते. म्हणजे रेडियम जपून हाताळायचं असतं हे बिल्डिंगमधल्या एका भागात माहीत होतं आणि दुसऱ्या भागात ते तोंडात घालायला शिकवत होते.

जबडाच का सडला? रेडियम तर सगळ्या अंगात गेलं असेल ना?

रेडियम आणि कॅल्शियम पिरिऑडिक टेबलमध्ये एकाच उभ्या रांगेत येतात, त्यामुळे शरीर रेडियमला कॅल्शियम समजून हाडात नेऊन ठेवतं. पोटात गेलेलं बरंचसं बाहेर पडतं, पण जे हाडात बसलं ते बसलं. तिथून ते अल्फा कण सोडत राहतं. अल्फा कण साध्या कागदालाही अडतात, बाहेरून लागले तर चामडीच्या वरच्या थराच्या पुढे जात नाहीत, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला वाटतं यात काय एवढं. पण आत हाडात बसून मारा सुरू झाला की शेजारच्या पेशी आणि हाडातली रक्त तयार करणारी मज्जा दोन्ही जळतात. रेडियम-२२६ निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात, म्हणजे माणसाच्या आयुष्यात ते संपतच नाही. रंगात मेसोथोरियमही असायचं, ते रेडियमचंच दुसरं रूप, त्याचं निम्मं आयुष्य सहा वर्षांच्या आत पण मारा जास्त.

जबडा आधी जातो कारण तोंडात जंतू कायम असतात आणि चावून चावून त्या हाडावर ताण असतो. मुलगी दाताच्या डॉक्टरकडे जायची, तो दात काढायचा, ती जखम भरायचीच नाही, मग शेजारचा दात, मग हाडाचे तुकडे. मॉली मॅगिया नावाच्या मुलीच्या जबड्याचं हाड डॉक्टर नेफ यांनी नुसतं बोटांनी उचलून बाहेर काढलं होतं, ऑपरेशनसुद्धा करावं लागलं नाही. ती सप्टेंबर १९२२ मध्ये गेली आणि मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं सिफिलिस, म्हणजे शरीरसंबंधातून होणारा रोग.

सगळ्यात आधी संशय कोणाला आला?

सुरुवातीला दातांच्या डॉक्टरांना फॉस्फरस वाटला, आणि ते चूक म्हणता येत नाही, कारण काडेपेटीच्या कारखान्यात पांढऱ्या फॉस्फरसने कामगारांचे जबडे असेच सडायचे हे जुनं प्रकरण सगळ्यांना माहीत होतं. न्यू जर्सीच्या कामगार खात्याने रंग तपासायला सामातोल्स्की नावाच्या केमिस्टकडे दिला. त्याने सांगितलं की फॉस्फरस नाही, आणि पुढे जाऊन जानेवारी १९२३ मध्येच लिहिलं की माझ्या मते जबड्याचं कारण रेडियम आहे, आणि मुलींना धोक्याची माहिती छापून वाटा. खात्याने काही केलं नाही.

त्याच वर्षी कॅथरिन शॉब ही रंगकाम केलेली मुलगी स्वतः ऑरेंजच्या आरोग्य खात्यात गेली आणि सांगितलं की ब्रश ओठांत धरायला लावतात, माझी नात्यातली बहीण याच कामाने गेली. तिथल्या आरोग्य अधिकारी लेनोर यंग यांनी वरून काही हलत नाही बघून कामगार बायकांसाठी झटणाऱ्या कन्झ्युमर्स लीग या संस्थेच्या कॅथरिन वायली यांना कळवलं. या वायलीबाई घरोघरी फिरल्या, आजारी मुलींना भेटल्या, आणि खरं सांगायचं तर तपासाचा पाया त्यांनी घातला. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या थिओडोर ब्लूम नावाच्या दाताच्या डॉक्टरने आपल्या एका लेखाच्या तळटीपेत रेडियम जॉ (रेडियमने सडलेला जबडा) असं लिहिलं, म्हणजे छापील उल्लेख झाला तोही तळटीपेत.

हार्वर्डच्या रिपोर्टची भानगड काय आहे?

हा भाग नीट वाचा. मुली आजारी पडताहेत, काम सोडून जाताहेत म्हटल्यावर कंपनीचा प्रेसिडेंट आर्थर रोडर याने १९२४ मध्ये हार्वर्डच्या सेसिल ड्रिंकर यांना बोलावलं. ड्रिंकर, त्यांच्या पत्नी डॉक्टर कॅथरिन ड्रिंकर आणि विल्यम कॅसल असे तिघं आले. त्यांनी कारखान्यातली धूळ गोळा करून अंधाऱ्या खोलीत पाहिली तर ती चमकत होती. मुलींना अंधारात उभं करून पाहिलं तर केस, चेहरा, हात, मान, कपडे आणि आतले कपडेसुद्धा चमकत होते. रक्त तपासलं तर एकाचंही पूर्ण नॉर्मल नव्हतं. लेमन नावाच्या मुख्य केमिस्टच्या हातांवर जखमा होत्या, त्याला सावध केलं तर त्याने हसण्यावारी नेलं, आणि तो वर्षभरात गेला.

जून १९२४ मध्ये रिपोर्ट रोडरच्या हातात गेला, त्यात स्पष्ट होतं की कारण रेडियम आहे आणि काळजी काय घ्यायची. रोडरने तो दाबून ठेवला. वर कामगार खात्याला जे पाठवलं त्यात प्रत्येक मुलगी एकदम ठणठणीत आहे असं होतं, आणि ते ड्रिंकर यांच्या नावावर खपवलं. ड्रिंकर मात्र रिपोर्ट कंपनीचा आहे, तिच्या परवानगीशिवाय छापायचा नाही असं मानून गप्प बसले. १९२५ मध्ये हार्वर्डच्याच डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टन यांना खात्याकडे गेलेला मजकूर कळला, त्यांनी कॅथरिन ड्रिंकर यांना लिहिलं की तुमच्या नावाने हे चाललंय, तेव्हा नवरा-बायको दोघंही हादरले आणि कंपनीने कोर्टाची धमकी दिली तरी ऑगस्ट १९२५ मध्ये खरा रिपोर्ट छापला.

ड्रिंकर वाईट माणूस होते असं मी म्हणत नाही, काम त्यांनी चोख केलं. पण ज्यांच्या अंगाची तपासणी केली त्या मुलींना निकाल सांगायचा नाही आणि ज्याने पैसे दिले त्याला सांगायचा, ही पद्धतच चुकीची होती, आणि त्या एका वर्षात किती तरी जणी तिथेच बसून रंग लावत होत्या.

कंपनीच्या बाजूनेही एक डॉक्टर होता ना?

फ्रेडरिक फ्लिन, कोलंबिया युनिव्हर्सिटीचा. मुलींना तो डॉक्टर वाटायचा पण तो नुसता पीएचडी होता, पेशंट तपासायचा डॉक्टर नव्हता, आणि पगार कंपनीकडून. रंगकाम केलेल्या ग्रेस फ्रायरला तपासून तिची तब्येत छान आहे असं त्याने सांगितलं होतं, आणि १९२६ मध्ये धोका नाही असा लेखही छापला. आजारी माणसाला तू बरी आहेस असं सांगणं हे नुसतं खोटं बोलणं नाही, त्यामुळे तिचा कोर्टात जायचा वेळ निघून जातो, ते पुढे येतंच आहे.

मग शास्त्रीय पुरावा शेवटी कोणी दिला?

डॉक्टर हॅरिसन मार्टलंड, एसेक्स काउंटीचे सरकारी मेडिकल एक्झामिनर. ते १९२५ मध्ये या कामाला लागले आणि त्यांचा पगार कंपनी देत नव्हती ही मोठी गोष्ट. त्यांच्या पद्धती आजही वाचाव्यात अशा आहेत.

पहिली गोष्ट जिवंत माणसाची. हाडातलं रेडियम विघटन होऊन रेडॉन वायू तयार होतो, तो रक्तातून फुप्फुसात येतो आणि श्वासातून बाहेर पडतो. मार्टलंड यांनी मुलींना नळीतून श्वास सोडायला लावून तो इलेक्ट्रोस्कोप या किरणोत्सार मोजायच्या उपकरणात मोजला, आणि शरीराजवळ उपकरण ठेवून बाहेर येणारे गॅमा किरणही मोजले. यात त्यांना मदत केली फॉन सोचॉकीने, ज्याने रंग शोधला होता त्यानेच, आणि मोजताना त्याचा स्वतःचा श्वासही भरलेला निघाला.

दुसरी गोष्ट मेलेल्या माणसाची. रंगकाम केलेली सारा मेलेफर जून १९२५ मध्ये गेली, तिचं पोस्टमॉर्टेम झालं. तिच्या हाडांना दातांच्या एक्सरेची फिल्म बांधून अंधारात ठेवली, बाहेरून कुठलाही किरण न सोडता, आणि फिल्म धुतल्यावर डाग उमटलेले दिसले, म्हणजे हाडानेच फोटो काढला. हाड जाळून राख मोजली तरी तेच. डिसेंबर १९२५ मध्ये मार्टलंड आणि सहकाऱ्यांचा पेपर अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये आला. त्यात त्यांनी हेही सांगितलं की एकदा बसलेलं रेडियम बाहेर काढायचा उपाय नाही, आणि हे वाचून मुलींना काय वाटलं असेल याचा विचार केला की पोटात कालवतं.

मॉलीची कबर उकरली होती ते खरं का?

खरं. ऑक्टोबर १९२७ मध्ये, गेल्यावर पाच वर्षांनी. हाडं किरणोत्सारी निघाली आणि सिफिलिसचं काही चिन्ह सापडलं नाही. तिच्या दोन बहिणी क्विंटा आणि अल्बिना तेव्हा स्वतः आजारी होत्या आणि कोर्टात लढत होत्या, त्यामुळे पुरावा म्हणून याला महत्त्व होतंच, पण घरच्यांवरचा तो डाग पुसला गेला हेही कमी नाही.

एवढा पुरावा होता तर कोर्टात सरळ जिंकल्या असतील?

नाही. ग्रेस फ्रायर १९१७ मध्ये अठराव्या वर्षी कामाला लागली होती, १९२० मध्ये सोडून बँकेत गेली, आणि दुखणं सुरू झालं ते त्यानंतर. न्यू जर्सीचा कायदा म्हणायचा नुकसान झाल्यापासून दोन वर्षांत दावा लावा. हे विष तर पाच-पाच वर्षं गप्प बसतं, मग माणसाने करायचं काय? तिला वकील मिळायलाच दोन वर्षं गेली, शेवटी रेमंड बेरी या तरुण वकिलाने मे १९२७ मध्ये दावा लावला आणि बाजू अशी मांडली की आजाराचं कारण कळलं तेव्हापासून मुदत मोजा. ग्रेस, कॅथरिन शॉब, एडना हसमन, क्विंटा मॅकडॉनल्ड आणि अल्बिना लॅरिस अशा पाच जणी होत्या. जानेवारी १९२८ मध्ये सुनावणी सुरू झाली तेव्हा काहींना शपथेसाठी हातही वर करता येत नव्हता. एप्रिलमध्ये कंपनीचे साक्षीदार युरोपला जाणार म्हणून तारीख थेट सप्टेंबरची दिली, त्यावर न्यूयॉर्क वर्ल्ड या पेपरने जोरदार लिहिलं, लोक चिडले, आणि जूनमध्ये तडजोड झाली: प्रत्येकीला १०,००० डॉलर रोख, वर्षाला ६०० डॉलर आणि औषधपाण्याचा खर्च. कंपनीने चूक मान्य केली नाही. ग्रेस १९३३ मध्ये गेली.

ओटावाचं प्रकरण वेगळं आहे का?

हो, आणि मला ते जास्त लागतं, कारण तोपर्यंत ऑरेंजची बातमी सगळीकडे छापून आली होती. ओटावात रेडियम डायल कंपनी होती, तिने मुलींच्या तपासण्या करून घेतल्या आणि निकाल मुलींना सांगितले नाहीत. उलट १९२८ मध्ये गावच्या पेपरात पानभर जाहिरात दिली की आमच्याकडे कुणाला काही झालेलं नाही. कॅथरिन वुल्फ डोनोह्यू हिने लिओनार्ड ग्रॉसमन या वकिलामार्फत इलिनॉयच्या औद्योगिक आयोगाकडे दाद मागितली, फी न घेता तो लढला. फेब्रुवारी १९३८ मध्ये सुनावणीत डॉक्टरने हा आजार बरा होणारा नाही असं सांगताच ती कोसळली, मग पुढची साक्ष तिच्या घरी, ती अंथरुणावर असताना झाली. ती जिंकली. कंपनी अपील करत राहिली, ती जुलै १९३८ मध्ये गेली, आणि १९३९ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीचं ऐकून घ्यायला नकार दिल्यावर प्रकरण मिटलं.

या सगळ्यातून पुढे काय बदललं?

एमआयटीच्या रॉब्ली इव्हान्स यांनी या बायकांच्या अंगातलं रेडियम वर्षानुवर्षं मोजलं, आणि त्या आकड्यांवरून १९४१ मध्ये माणसाच्या शरीरात जास्तीत जास्त ०.१ मायक्रोग्राम रेडियम चालेल अशी मर्यादा ठरली. अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रोजेक्टमध्ये प्लुटोनियम हाताळणाऱ्यांसाठी नियम बसवताना हाच आधार घेतला. नंतर शिकागोजवळच्या अर्गॉन या सरकारी लॅबमध्येही हा अभ्यास चालू राहिला, आणि रंगकाम केलेल्या कित्येक जणी म्हातारपणी तिथे जाऊन मशीनखाली झोपून मोजून घ्यायच्या. त्यांना त्यातून बरं वाटणार नव्हतं, तरी गेल्या.

आपल्याकडे गाडीला रेडियम लावतात, त्यात हेच असतं का?

नाही, घाबरू नका. नंबरप्लेटवरचा तो कागद नुसता उजेड परत फेकतो, आणि अंधारात चमकणारे चांदण्यांचे स्टिकर दिवसा उजेड साठवून रात्री सोडतात. दोन्हींत रेडियम नसतं.

आजोबांचं जुनं घड्याळ आहे, आकडे पिवळट-तपकिरी झालेत. धोका आहे का?

१९७० च्या आधीचं आणि आकड्यांवर जाड रंग असलेलं असेल तर रेडियम असू शकतं. आता चमकत नाही म्हणून संपलं असं नाही, त्यातलं झिंक सल्फाइड जळून गेलेलं असतं, रेडियम तसंच असतं. बंद घड्याळ कपाटात असेल तर फार काळजी नको, पण उघडू नका, रंग खरवडू नका, मुलांच्या हातात देऊ नका. घड्याळजीकडे दिलंत तर त्याला आधी सांगा, कारण ती धूळ नाकातोंडात त्याच्या जाणार आहे. नंतरच्या काळात ट्रिटियम हा सौम्य किरणोत्सारी पदार्थ आला आणि आता जो रंग वापरतात तो बहुतेक किरणोत्सारी नसतो.

आपल्या कारखान्यात असं काही होतंय असा संशय आला तर सुरुवात कुठून करायची?

वायलीबाईंनी केली तिथून, म्हणजे लोकांपासून. कोण कुठल्या खात्यात होतं, कधीपासून, काय हाताळायचं, काय त्रास होतो हे वहीत लिहा, आणि काम सोडून गेलेल्यांना नक्की शोधा, कारण ऑरेंजमध्ये आजारी पडलेल्या बऱ्याच जणी नोकरी सोडून गेलेल्या होत्या, फक्त हजेरीपटावरच्या तपासल्या असत्या तर बरंचसं दिसलंच नसतं. डॉक्टरला प्रत्येक वेळी आपलं काम काय ते न विचारता सांगा, ईएसआयच्या दवाखान्यातही, आणि केस पेपरवर ते लिहून घ्या. कंपनीने तपासणी केली तर स्वतःच्या रिपोर्टची कॉपी लेखी अर्ज करून मागा.

१९४८ च्या फॅक्टरीज अ‍ॅक्टमध्ये कळवणं सक्तीचं असलेल्या आजारांची यादी दिली होती, त्यात रेडियम आणि किरणोत्सारी पदार्थांमुळे होणारे विकारही होते, आणि असा पेशंट दिसला तर डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकांकडे लेखी कळवायचं असं कलम ८९ सांगायचं. आता जुने कामगार कायदे नव्या संहितांमध्ये घेतलेत, तेव्हा जुना कलम नंबर घेऊन भांडत बसू नका, आजचा विचारून घ्या. महाराष्ट्रात अर्ज द्यायचा तो औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या. सल्ला हवा असेल तर मुंबईत सायनला सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे आणि अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे. किरणोत्सारी मालाचा विषय असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळालाही कळवा, त्यांचं ऑफिस मुंबईतच अणुशक्तीनगरला आहे.